ठीक म्हणेल त्याने माठ भरावा

आमच्या साइटवर ‘ठीक’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. शिव्यांना नव्हती. शिव्या मिस्त्री द्यायचा, ठेकेदार द्यायचा, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर तर समोर कुणी नसतानाही द्यायचा. त्याबद्दल आमच्या साहेबांची काही तक्रार नव्हती. पण कुणाच्या तोंडून ‘ठीक’ निघालं की साहेब बोलणं थांबवायचे आणि ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीबाहेर ठेवलेल्या माठाकडे बोट दाखवायचे. मग गुन्हेगाराने बादली उचलायची, टँकरपर्यंत जायचं, पाणी आणायचं आणि माठ भरायचा. नांदगाव पेठच्या पुढे, मोझरीच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या उघड्या माळावर मे महिन्यात टँकरपर्यंत जाऊन येणं म्हणजे काय, हे मला विचारा. पहिल्या आठवड्यात मी इतका माठ भरला की टँकरवाला मला लांबून पाहूनच नळ सोडायला लागला.

साहेब लष्कराच्या बांधकाम खात्यात मुलकी इंजिनिअर होते. म्हणजे अंगावर वर्दी नाही, पण आयुष्य सगळं वर्दीवाल्यांची घरं बांधण्यात गेलेलं. मूळचे अकोल्याच्या जठारपेठेतले. वडील वकील, आजोबा वकील, दोन्ही भाऊ वकील. “घरात सगळेच बोलनारे,” ते सांगायचे, “आयकून घेनारं कोनी पाहिजे म्हनून विटांकडं आलो.” बेताची उंची, डोक्याला ओला पंचा आणि उन्हाळ्यात पँटच्या खिशात एक कांदा. कांदा खिशात असला की ऊन लागत नाही, हे वऱ्हाडात कुणीही सांगेल. पण साहेब तो मोठ्या अधिकाऱ्यांच्या बैठकीतही घेऊन जायचे. एकदा रुमाल काढताना कांदा बाहेर पडला आणि त्या लांबलचक टेबलाखालून घरंगळत थेट कर्नलसाहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला. साहेब शांतपणे उठले, वाकले, कांदा उचलला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला आणि राहिलेला मुद्दा पुढे सुरू केला.

त्यांच्या बोलण्याचं एक गणित होतं, ते मला जरा उशिरा कळलं. साइटवर ते अस्सल वऱ्हाडी बोलायचे आणि घरी बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, अगदी पुस्तकातलं मराठी. काकूंनी एकदा साइटवर फोन केला, साहेब मिस्त्रीशी बोलता बोलता त्याच ओघात ‘काय होऊन राह्यलं वं’ म्हणाले, आणि काकूंनी चुकीचा नंबर लागला म्हणून फोन ठेवून दिला. साइटवर ते शुद्ध बोलायला लागले की मात्र सगळे सावध व्हायचे. “आपण हे काय केलं आहे, सांगू शकाल का?” असं वाक्य कानावर आलं की मिस्त्री थापी खाली ठेवायचा. मी त्यांच्या मर्जीत असेन तेव्हा ‘बाई’ होते, नसेन तेव्हा ‘मॅडम’. मॅडम म्हटलं की मी आधी फाइल उघडून चूक शोधायचे.

माझं काम होतं प्रमाणपत्र मिळवण्याचं. जवानांच्या कुटुंबांसाठी तिथे तीन इमारती उभ्या राहायच्या होत्या, आणि वरून आदेश आला होता की हरित इमारतीचं प्रमाणपत्र नसेल तर लष्कराने नवी इमारत ताब्यात घ्यायची नाही. पाणी किती वाचवता, वीज किती वाचवता, विटा कुठून आणता, घरात उजेड आणि हवा किती येते, या प्रत्येक गोष्टीला गुण. गुणांची बेरीज होऊन तारे मिळायचे. आदेशाप्रमाणे निदान चार तारे हवे होते. मी नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत नवी लागलेली, अमरावतीचीच असल्यामुळे मला इकडे पाठवलेलं, आणि स्वतंत्रपणे हातात आलेलं हे माझं पहिलंच काम. पर्यावरण वाचवायला निघाल्याच्या थाटात मी साइटवर आले. साहेबांनी माझी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं की यात घर कोणत्या पानावर आहे.

‘ठीक’वरची बंदी त्याच सुमाराला आली. माझ्या कामात एक पाहणी होती. शेजारच्या जुन्या बराकीत राहणाऱ्या जवानांना विचारायचं, उकाड्याचा त्रास होतो का, झोप लागते का, हवा खेळती आहे का. म्हणजे नव्या इमारतीत काय सुधारायचं ते कळतं. मी विचारत गेले. प्रत्येक जण सावधान उभा राहून म्हणाला, “ठीक है मॅडम, कोई दिक्कत नहीं.” पत्र्याखाली भाजून निघणारी बराक, आणि सगळ्यांचं ठीक. मला आनंदच झाला, एका दुपारीत पाहणी संपली. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. शेवटच्या जवानाला त्यांनी मागे वळायला सांगितलं. त्याच्या मानेपासून खाली बनियनपर्यंत घामोळ्यांनी लालभडक झालं होतं, खाजवून खाजवून रक्त आलेलं. “ये ठीक है?” साहेबांनी विचारलं. तो पोरगा तसाच पाठमोरा उभा राहून म्हणाला, “जी साहब, ठीक है.”

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माठाचा नियम सुरू झाला.

माठावर मात्र त्यांची आधीपासूनच श्रद्धा होती. माझ्याकडे तापमान मोजायची यंत्रं होती, वाऱ्याचा वेग मोजायचं भिरभिरं होतं, आणि त्यांच्याकडे माठ. खोलीत सावली असेल आणि हवा खेळती असेल तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. हवा कोंडलेली असेल तर माठ नुसताच ओला बसून राहतो. म्हणून साहेब खोल्याखोल्यांतून माठ ठेवून द्यायचे आणि दुपार कलली की ओगराळं घेऊन प्रत्येक माठातलं पाणी पीत फिरायचे. जिभेवर पाणी घोळवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. जवान त्यांना मटका साहब म्हणायचे. बायामाणसं राहतात अशा घरात गेले की साहेब ‘गरम होतं का’ असं कधीच विचारत नसत. माठ कुठे ठेवला आहे तेवढं पाहायचे. “घरातली बाई माठ ठेवते ना, तेच घरातलं सगळ्यात चांगलं ठिकान,” ते म्हणायचे. “तिले कोनी नकाशा दाखोत नाही.”

या माठांनी एकदा त्यांची चांगलीच फजिती केली. जुन्या बराकीतल्या एका कोपऱ्यातल्या खोलीवर ते बेहद्द खूश झाले. पाणी एवढं गार की दात शिवशिवावे. ही खिडक्यांची रचना नव्या इमारतीत उचलायची असं त्यांनी ठरवून टाकलं, मला चित्रं काढायला लावली, मिस्त्रीला बोलावून दाखवलं. माझं भिरभिरं मात्र त्या खोलीत हलायलाही तयार नव्हतं. मी घरी आईला हा चमत्कार सांगितला. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “तो माठ नवा असंन. जुन्या माठाची छिद्रं बुजतात, तो काय गार करते?” मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. त्या खोलीतला माठ कोरा करकरीत, बाकी सगळे जुने.

मी सांगितलं तेव्हा साहेब बराच वेळ माठाकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच शुद्ध मराठीत म्हणाले, “आपली चूक झालेली आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर एक ऑटो आला. मागच्या सीटवर पेंढ्यात गुंडाळलेले माठ, सगळे एकाच कुंभाराकडचे, एकाच भट्टीतले. साहेब पुढे ड्रायव्हरला चिकटून बसले होते, कारण मागे माठांना जागा पुरत नव्हती. उतरताना मला म्हणाले, “तुह्या मायले सांग, तिले आमी सल्लागार नेमलं.”

इमारतींचा आराखडा वरून आलेला, सगळ्या देशात एकच. थंडीत बर्फ पडतो तिथेही तोच आणि आमच्याकडेही तोच. त्यात बदल करायची सोय नव्हती. आमच्या माळावरचा रस्ता दक्षिणोत्तर, आणि छावणीचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांची इच्छा अशी की तिन्ही इमारतींनी रस्त्याकडे तोंड करून एका ओळीत उभं राहावं, कवायतीला तुकडी राहते तसं. म्हणजे लांब बाजू पश्चिमेला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लांब भिंत पश्चिमेला देणं म्हणजे माणसं तव्यावर ठेवण्यासारखं. साहेबांनी पत्रं लिहिली, सूर्याचे कोन काढले, माझ्याकडून रंगीत नकाशे करून घेतले. कर्नलसाहेब पहाडातले, सज्जन माणूस, पण ओळीच्या बाबतीत ऐकायला तयार नव्हते.

शेवटी ते साइटवर आले असताना साहेबांनी नकाशे गुंडाळून ठेवले. चुन्याने आखलेल्या इमारतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या, हात बाजूला, छाती पुढे. पोट जरा आड येत होतं. “सर, लाइन वही रहेगी,” ते म्हणाले, “आप सिर्फ इनको दहिने मुड बोल दीजिए.” आणि स्वतः गर्रकन उजवीकडे वळून उभे राहिले.

कर्नलसाहेब पाहत राहिले. मग हसायला लागले, इतके की टोपी काढून कपाळ पुसावं लागलं. हसता हसता म्हणाले, “ठीक है, ठीक है. दहिने मुड.”

तो शब्द सगळ्यांनी ऐकला. मिस्त्री, ठेकेदार, मी, सगळ्यांच्या नजरा साहेबांवर. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. साहेबांनी माठाकडे बोट दाखवलं. नियम काय आहे तो मीच चाचरत कर्नलसाहेबांना सांगितला. त्यांचा अर्दली बादलीकडे धावला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं, स्वतः टँकरपर्यंत गेले, बादली भरून आणली आणि माठ भरला. शेवटी ओगराळंभर पाणी प्यायले आणि जाताना म्हणाले की या उन्हात बिल्डिंगच काय, मीसुद्धा मुडलो असतो.

दोन इमारती वळल्या. तिसरी वळली नाही. तिच्यामागे कुंपणाची भिंत होती आणि सुरक्षेच्या नियमाने भिंतीपासून जागा मोकळी सोडावी लागायची. वळवली तर इमारतीचं टोक त्या जागेत जात होतं. ती बिचारी पश्चिमेकडे तोंड करून राहिली. साहेबांनी तिच्यासाठी वेगळा उपाय काढला. पश्चिमेच्या बाजूला हातभर पोकळी सोडून बाहेरून विटांची जाळीदार दुसरी भिंत उभारायची. ऊन त्या भिंतीने खायचं आणि मधली गरम हवा वरून निघून जायची. चित्रं झाली, अंदाजपत्रकात भिंत आली. आणि मग मीच घात केला, म्हणजे माझ्या कर्तबगारीने. मी एवढे गुण जमवले की चार ताऱ्यांची रेघ त्या भिंतीशिवायच ओलांडली गेली. वरच्या कचेरीने बेरीज पाहिली आणि लिहून पाठवलं की तारे मिळतच आहेत, तेव्हा जाळीची भिंत वगळावी.

साहेबांनी ते पत्र फाइलीला लावलं. दोन दिवसांनी मला कळलं की माझ्या फाइलीतल्या दोन बाबींवरची सही त्यांनी काढून घेतली आहे. एक, विजेच्या गाड्यांसाठी राखलेली जागा. दुसरी, ‘पाणी वाचवा, वीज वाचवा’ असे फलक. दोन्ही नियमात बसत होत्या, दोन्हींचे गुण मिळत होते, दोन्हींवर मी मर मर मेहनत केली होती. त्या वगळल्यावर बेरीज रेघेच्या खाली आली. चौथा तारा गेला. मी नागपूरला कळवलं तर माझ्या कंपनीतल्या साहेबांनी थंड आवाजात सांगितलं की तारे आले नाहीत तर तू दुसरीकडे बघायला लाग.

मी तणतणत पत्र्याच्या खोलीत गेले. ते पंचा पिळत होते. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज टँकरपर्यंत गेला असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“इथं विजेवर चालनारी एकच वस्तू हाय, पिठाची चक्की,” ते म्हणाले. “तिले पार्किंग कायले? अन् तुहे ते फलक. जे वाचवतात त्यायले फलक लागत नाही, अन् जे नाही वाचवत ते फलकबी वाचत नाही.”

“पण नियमात बसतं ना सर?”

“बसते. चाल, तुले बी कुठंतरी बसवतो.”

त्यांनी मला तिसऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेलं, पश्चिमेच्या खोलीत. पुढचा मे आला होता आणि ऊन कललं होतं. गिलावा झालेला, खिडक्या बसलेल्या. एक सिमेंटची पालथी पाटी दाखवून म्हणाले, बस. स्वतः दाराबाहेर गेले. मी हट्टाने बसले. भिंतीला पाठ लावली आणि लगेच काढली. थोड्या वेळाने डोकं ठणकायला लागलं, जीभ टाळूला चिकटली, बाहेर कुणी बोलत होतं तेही मला नीट ऐकू येईना. मी उठून बाहेर आले तेव्हा ते जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते.

“कसं वाटलं?”

“भट्टी आहे,” मी म्हटलं.

“या भट्टीले तू चार तारे देऊन राह्यली, बाई. तुही बेरीज झाली, तुही नोकरी राह्यली. अन् इथं कोनाची तरी लेकीबाय येईन, नवरा सीमेवर. तिले कोनी इचारलं तं ते काय म्हनंन?”

काय म्हणेल ते मला माहीत होतं. त्या पाठमोऱ्या जवानाची मान मला दिसली. मी तो शब्द उच्चारला नाही, पण त्या दिवशी माठ मीच भरला.

मग मी माझ्या पद्धतीने लढले. नागपूरला आणि वरच्या कचेरीला लिहिलं की दोन बाबी साइटवर टिकत नाहीत, गुण कमी पडतात आणि ते भरून काढायचा एकच मार्ग उरला आहे, तो म्हणजे तिसऱ्या इमारतीची जाळीची भिंत. गणित चोख होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. वरच्या कचेरीतून साहेबांना फोन यायला लागले. ते दार लावून शुद्ध मराठीत उत्तरं द्यायचे, बाहेर आम्ही श्वास रोखून बसायचो. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी मागे लावून घेऊ नका, असं एका हितचिंतकाने सुचवलं, तर त्याला म्हणे ते ‘आपली काळजी पोहोचली’ एवढंच म्हणाले. शेवटी कर्नलसाहेबांनीच जोर लावला. ताऱ्यांशिवाय इमारत ताब्यात येत नाही आणि त्यांना कुटुंबं उन्हाळ्याआधी आत हवी होती. भिंत मंजूर झाली. माझी नोकरी राहिली. तारे चारच मिळाले, पण चौथा तारा कुठून आला ते मला पक्कं माहीत होतं.

भिंत पूर्ण झाली तेव्हा जानेवारी उजाडला होता, आणि साहेबांच्या निवृत्तीचा दिवसही. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे मुद्दाम एकसारखे ‘ठीक, ठीक’ म्हणत होते. मिस्त्री म्हणाला, ठेकेदार म्हणाला, टँकरवाला खास त्यासाठी टँकर जवळ आणून उभा राहिला. माठ ओसंडून वाहायला लागला. साहेब हसत होते, पण मध्येच उठून निघून गेले. मला ठाऊक होतं कुठे गेले असतील. तिसऱ्या इमारतीच्या वरच्या खोलीत ते भिंतीला तळहात लावून उभे होते.

“गार आहे सर,” मी म्हटलं.

“जानेवारीत तं अख्खं वऱ्हाड चिखलदरा असते, बाई. आता काय कळते? मे पाहाले पाहिजे.”

पण मे पाहायला ते तिथे नव्हते. संध्याकाळी फाटकावर त्यांनी आपला पास जमा केला. लष्कराच्या हद्दीत उगाच पाहुण्यासारखं जाता येत नाही, मग ती घरं तुम्ही बांधलेली का असेनात. माझंही काम संपलं, माझाही पास गेला. पुढे दर मे महिन्यात त्यांचा अकोल्याहून फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही. “गेली होती काय?” नाही म्हटलं की “बरं” म्हणून ठेवून द्यायचे. मी नागपूरहून पुण्याला गेले, पुण्याहून परत अमरावतीला आले, लग्न केलं, स्वतःचं ऑफिस काढलं. मे आला की फोन यायचाच. मला त्या फोनची सवय झाली होती. खरं तर मी वाट पाहायचे.

गेल्या मे महिन्यात प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचं काम निघालं आणि ते माझ्याकडे आलं. नवा पास गळ्यात अडकवून मी फाटकातून आत गेले. दोन इमारती दहिने मुड करून उभ्या होत्या, तिसरी आपल्या जाळीच्या आड. आता कर्नल वेगळे, माणसं वेगळी. पत्र्याच्या खोलीच्या जागी मुलांचं घसरगुंडीचं मैदान झालं होतं. माठ कुठेच नव्हता. मी तडक तिसऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेले, ऊन कलायची वेळ साधून.

दार उघडणारी मुलगी हरियाणाची, विशीबाविशीची. नवरा सीमेवर. आत घेतलं, पाणी दिलं. मी सवयीने विचारून बसले, इथे काही त्रास? “नहीं दीदी, सब ठीक है,” ती म्हणाली. मी मनातल्या मनात तिला बादली दिली आणि माठ शोधायला लागले. ओट्यावर नाही, खिडकीत नाही, दाराआड नाही. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरत होता. शेजारच्या घरी पाहिलं, तिथेही फ्रिज. खालीही फ्रिज. अख्ख्या इमारतीत माठ नव्हता. साहेबांची परीक्षा घ्यायला वस्तूच शिल्लक नव्हती, आणि आता मी त्यांना काय सांगणार, या विचाराने मला खरोखर रडू यायला लागलं.

मी पर्स घ्यायला परत त्या पहिल्या घरात गेले, तेव्हा ती मुलगी ओठांवर बोट ठेवून पश्चिमेच्या खोलीचं दार ओढून घेत होती. मी आत डोकावू का, असं खुणेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी बसने अकोल्याला गेले. जठारपेठेतल्या घरात काकूंनी दार उघडलं आणि हळूच सांगितलं की पडल्यापासून ते अंथरुणावरच आहेत, मुलाने त्यांच्या खोलीत एसी बसवला आहे, त्यावर तू काही बोलू नकोस. मी आत गेले. खोली गारढोण. साहेब पंच्याऐवजी शालीत गुंडाळलेले, केवढेसे झालेले. माझ्या नजरेआधी त्यांची नजर एसीकडे गेली.

“हासू नको,” ते म्हणाले. “डाक्टरनं लावलं.” मग जरा थांबून, “गेली होती काय?”

“गेले होते. वरच्या मजल्यावर. चार वाजता.”

“माठ कुठं ठेवला हाय?”

“माठ नाही सर. फ्रिज आहेत, सगळ्यांकडे.”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. काकू दारात उभ्या होत्या. मी खुर्ची पुढे ओढली.

“पश्चिमेच्या खोलीत झोळी बांधली होती सर. तिचं लेकरू निजलं होतं. पुढच्या खोलीत रडतं म्हणाली, इथेच झोपतं.”

त्यांची मान पुन्हा माझ्याकडे वळली.

“कपडे होते आंगावर?”

“झबलं होतं. पायांवर दुपटं होतं.”

“मे महिन्यात?”

“मे महिन्यात. पंखा हळू होता.”

मला माहीत होतं ते पुढे काय विचारतील, कारण तिथे त्या झोळीवर वाकताना माझ्याही मनात तेच होतं.

“मान पाह्यली?”

“पाहिली सर. मानेवर काही नव्हतं. पाठीवरही नव्हतं. गोरी, कोरडी मान.”

साहेबांनी डोळे मिटले. पाणी जिभेवर घोळवताना मिटायचे तसेच. शालीतून हात बाहेर आला, माझ्या मनगटावर टेकला.

“ठीक हाय,” ते म्हणाले.

आम्ही दोघंही थबकलो. माठाचा नियम सुरू झाल्यापासून त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी एक डोळा उघडला, अंथरुणाकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि ओशाळून हसले.

मी उठले. गॅलरीत त्यांचा माठ पालथा घालून ठेवलेला होता, कितीतरी दिवसांचा कोरडा. तो सरळ केला, धुतला, नळाखाली धरला आणि काठोकाठ भरला.